आजीला आलेलं वचन

आजवर मी जे काही लिहिलं, त्याखाली माझं नाव आहे. पत्रकं, पथनाट्यं, चाळीच्या जिन्यात चिकटवलेली पोस्टरं, सगळ्याखाली. ही सवय बाबांची. ते गिरणीत होते, युनियनची पत्रकं वाटायचे, आणि ज्याच्याखाली नाव नाही असं पत्रक हातात आलं की न वाचता दुमडून ठेवायचे. ‘नाव घालायची हिंमत नाही, त्याचं मी काय वाचू?’ म्हणायचे.

एक ओळ मात्र मी अशी लिहिली की तिच्याखाली माझं नाव घातलं नाही. दुसऱ्याच कुणाचं नाव तिला लागलं. कुणाचं, ते सांगायला मला जरा वेळ लागेल. थांबाल ना? — नाही, कुणाला थांबा म्हणायचा हक्क मला उरलेला नाही. मी एका माणसाला थांबायला लावलं, त्याचंच तर हे सगळं आहे.

हे आईला माहीत नाही. संघटनेतल्या मैत्रिणींना माहीत नाही, आणि त्यांच्यासमोर तर मी खरं बोलण्यावर भाषणं केली आहेत. ज्यांना माहीत होतं, किंवा कळलं असावं, त्यातलं एक माणूस आता नाही आणि एकाला बोलता येत नाही. बाकी कुणालाही मी हे सांगितलेलं नाही.

आधी आजीबद्दल सांगते. बाबांची आई, दयाबाई. नगरकडच्या एका खेड्यातून सोळाव्या वर्षी लग्न होऊन लालबागला आली. आजोबा गिरणीत होते. ते लवकर गेले, मी त्यांना पाहिलेलं नाही. आजी परळच्या एका प्रसूतिगृहात आया होती. तीस-बत्तीस वर्षं तिनं दुसऱ्यांची पोरं धुतली, पुसली, गुंडाळली. ‘या भागातली निम्मी पोरं माझ्या हातात पहिल्यांदा रडली,’ ती सांगायची, ‘आणि आता मोठी होऊन मलाच ढकलून बसमध्ये चढतात मेली.’

ती बॅप्टिस्ट होती. आमच्या चाळीत ख्रिस्ती घर एकच, आमचं. परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी तिच्या मंडळीची उपासना असायची आणि पांढरं पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती चालत जायची. त्या मंडळीत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. ज्याचं त्यानं कळत्या वयात ठरवायचं, आणि मग कपाळावर नुसतं पाणी शिंपडून भागत नाही, अख्खं पाण्यात बुडावं लागतं. आजी बत्तिसाव्या वर्षी दादरच्या समुद्रात बुडाली, नऊवारीसकट. किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या कोळणींनी ते पाहिलं आणि ओरडायला लागल्या, ‘अगो, त्या बाईला बुडवतान गो!’ एक तर कासोटा खोचून पाण्यात शिरली आणि पाळकांचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचा, हात धरून म्हणाली, सोड रे तिला. आजी हे सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. ‘देवानं मला वाचवलं ते वाचवलंच गं, पण त्या बाईनंही कमी केली नाही.’

मी सोळा वर्षांची झाले तेव्हा तिनं मला एकदाच विचारलं. मी म्हटलं, माझा विश्वास नाही. तेव्हा मी भलतीच ताठ होते. धर्मावर चार पानं ऐकवायची तयारी करून बसले होते. ती ऐकवायची वेळच आली नाही. तांदूळ निवडता निवडता आजी म्हणाली, ‘बरं. बुडायचं ते ज्याचं त्यानं. दुसऱ्यानं धरून बुडवलं तर तो बाप्तिस्मा नव्हे, खून झाला.’

हे वाक्य तेवढं ध्यानात असू द्या. माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

संप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. भोंगे बंद झाले, आणि ज्या चाळीत माणसं पाळीपाळीनं झोपायची तिथे सगळे बाप्ये एकाच वेळी घरात दिसायला लागले. गोष्टीची पुस्तकं आमच्याकडे नव्हती. मी वाचायला लागले ती बाबांच्या पत्रकांवर. मोठमोठे शब्द, उद्गारचिन्हं, खाली मागण्या. आजीलाही संपाचं सगळं नीट माहीत हवं असायचं, कारण तिला त्यासाठी प्रार्थना करायची असे. ‘यशवंता, मागण्या पुन्हा सांग, क्रमानं सांग. देवापुढं चुकीचं मागायला नको.’ बाबा पत्रक घेऊन बसायचे आणि तिला पाठ करून घ्यायचे. मग ती डोळे मिटून एकेक मागणी देवापुढे ठेवायची, एकही न गाळता. शेजारच्या शेवंताकाकू मालवणच्या. त्या दारातून म्हणायच्या, ‘म्हातारे, तुझ्या देवाक सांग गो, मागण्या र्‍हवांदेत, आधी भोंगो वाजव म्हणान.’ आणि बाबा म्हणायचे, ‘आईचा देव काय आणि आमची युनियन काय, दोघंही वाट बघायला लावण्यात एक नंबर.’

त्या दिवसांत घर आजीच्या ड्यूटीवर चाललं. ड्यूटी करून आली की ती चाळीतल्या बाळंतिणींना न्हाऊ घालायला जायची. त्याबद्दल तिनं कुणाकडून काही घेतलं नाही. संपात कसली फी, म्हणायची.

संप संपला असं कुणी कधी सांगितलंच नाही. एकेक माणूस वेगवेगळ्या दिवशी समजून गेला, एवढंच. बाबांना गिरणीनं परत घेतलं नाही. माटुंग्याला एका इमारतीत ते वॉचमन म्हणून लागले, आणि एका सकाळी गेटजवळच्या खुर्चीतून खाली पडले. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. दोन शब्द तेवढे राहिले, ‘आई’ आणि ‘बास’. मी पंधरा वर्षांची होते. आई शिवाजी पार्कला दोन घरी स्वयंपाकाला जायला लागली. आजी प्रसूतिगृहातून निवृत्त होऊन आराम करणार होती. तिनं पदर खोचला आणि पुन्हा आया झाली.

मी तिचं काम रोज पाहत होते. म्हणजे दिसत होतं, पाहत नव्हते. दर दोन तासांनी बाबांची कूस बदलायची. खाली घडी घातलेली चादर असायची. आजी एक गुडघा गादीवर टेकवायची, चादरीची दोन टोकं मुठीत धरायची, आणि ओढायच्या आधी सांगायची, ‘यशवंता, आता खिडकीकडं बघायचं हं.’ दोन तासांनी, ‘आता भिंतीकडं.’ माणसाला न सांगता हलवायचं नाही, तो काही गाठोडं नाही, असं तिचं म्हणणं. भोंगे नव्हते, म्हणून शाळेच्या घंटेवर आणि नळाला पाणी यायच्या वेळेवर तिनं आपलं घड्याळ बसवलं होतं. तीन वर्षांत बाबांच्या पाठीवर एकही जखम झाली नाही. डॉक्टरांनी विचारलं, नर्स ठेवलीय का? आजी लाजली.

हे सगळं चालू असताना तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. तो पिकल्याशिवाय काढत नाहीत, असं तेव्हा सांगायचे. माणसं, भांडी, जिना तिला दिसायचं. अक्षरं दिसत नव्हती. म्हणून शास्त्रातला, म्हणजे तिच्या बायबलमधला, एक अध्याय रोज संध्याकाळी मी तिला वाचून दाखवायचे. माझा देवावर विश्वास नव्हता, पण आवाज चांगला होता. आणि तिची पत्रं. ती वाचायची मी, आणि तिच्या सांगण्यावरून लिहायचीही मीच.

पत्रं यायची ती सगुणाची. आजीची धाकटी बहीण. लहानपणी दोघी एका गोधडीत झोपायच्या. आजीचं लग्न झालं तेव्हा सगुणा बारा वर्षांची होती आणि बैलगाडीमागे वेशीपर्यंत पळत आली होती. तेव्हा दोघींचं ठरलं होतं की म्हातारपणी परत एकत्र राहायचं. पोरींचं बोलणं, कोण लक्षात ठेवतं? त्या दोघींनी ठेवलं. सगुणाआजी विधवा होऊन गावात एकटी राहत होती. दोन खोल्या, दारात एक लिंब. मी अठरा वर्षांची होते त्या वर्षी दिवाळीनंतर तिचं कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं, आक्का, तुझी बाज विणून घेतली आहे. नवीन सुंभ घातलंय. माझी पाठ आता वाकली, तुझीही वाकली असेल. ये.

मी ते वाचून दाखवलं. आजीनं पुन्हा वाचायला लावलं. मग बाजेची ओळ तेवढी तिसऱ्यांदा.

रात्रीच्या जेवणाच्या आधी तिनं आईपुढे विषय काढला. आणि इथे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण इथे पळवाट काढायचा मोह होतो. आई ‘नको’ म्हणाली नाही. आई म्हणाली, ‘आई, तुम्ही जा. खूप केलंत. आम्ही बघू.’ शेवंताकाकू सकाळी दोनदा येऊन कूस बदलायला तयार होत्या. दुपारनंतर घरी कुणी तरी लागणार होतं. मी माटुंग्याला कॉलेजात होते. नाव सकाळच्या वर्गात घातलं असतं तर दुपारी मी मोकळी असते. जमण्यासारखं होतं. कॉलेज सुटणार नव्हतं, कुणी उपाशी मरणार नव्हतं. माझ्या संघटनेच्या दादरच्या सभा सुटल्या असत्या. पथनाट्याच्या तालमी सुटल्या असत्या. एवढंच.

एवढंच — पण तेव्हा मला वाटत होतं की माझ्यावाचून क्रांती अडून राहील. हसू नका. माझं नावच क्रांती आहे, बाबांनी ठेवलं.

आजीनं लगेच ठरवलं नाही. मला म्हणाली, ‘मन तर जा जा म्हणतंय. पण मन आपलंच असतं ना, म्हणून त्याची भीती वाटते. नव्या वर्षाला वचन काय येतंय ते बघू.’

हे वचन म्हणजे काय, ते सांगते. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासनेनंतर त्यांच्या मंडळीत एक ताट फिरतं. ताटात पालथी घातलेली छोटी कार्डं असतात. प्रत्येकावर शास्त्रातलं एकेक वचन. पाळकबाई, पाळकांच्या पत्नी, ती हातानं लिहायच्या, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून, निळ्या शाईनं. प्रत्येकानं डोळे मिटून एक उचलायचं. ते त्याचं वर्षभराचं वचन. लोक ते शास्त्रात ठेवतात, चुलीच्या वर भिंतीला लावतात. आजीची मागच्या सगळ्या वर्षांची कार्डं तिच्या शास्त्रात जपलेली होती.

त्या सकाळी तिचा हात धरून मी तिला नेलं. हॉलमध्ये शाळेचीच बाकं होती. मी तिच्याशेजारी, हाताची घडी घालून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी. ताट आलं. आजीनं पदर सावरला, ओठ हलवले, आणि हात घातला. कार्ड माझ्या हातात दिलं. ‘वाच गं.’

मी वाचलं, मनात. ते वचन शब्दशः इथे देत नाही. त्यात सांगितलं होतं की आपल्या मुलखात, आपल्या माणसांकडे परत जा, मी तुझ्याबरोबर आहे. शंभर कार्डांतून तिच्या हाताला नेमकं तेच लागलं. मी देव मानत नाही. पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला, हे लपवून काय उपयोग?

‘काय आलंय?’ तिनं विचारलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, त्या धुरकट डोळ्यांनी. चेहरा असा, जसा निकालाच्या दिवशी पोरांचा असतो.

पत्रकं लिहून लिहून मला एक गोष्ट चांगली येत होती. दोन ओळींत हुकूम देणं.

मी वाचून दाखवलं, ‘जिथे तुला ठेवले आहे तिथेच राहा, तुझ्या हातांचे काम अजून संपलेले नाही.’

ही ती ओळ. माझी. आणि तिच्याखाली मी नाव लावलं ते देवाचं.

आजी म्हणाली, ‘हे कधी ऐकल्यासारखं वाटत नाही गं.’ तिला शास्त्र तोंडपाठ होतं, आणि मी ते विसरले होते. तिनंच वाट काढून दिली. ‘एवढं मोठं शास्त्र. एखादं राहिलं असेल ऐकायचं.’ बाहेर पडताना तिनं ते पाळकांना म्हणून दाखवलं. पाळकांनी तरी अडवावं? तेही म्हणाले, ‘वा, दयामावशी, सुंदर वचन. आमेन.’ त्यांनाही ते आठवत नव्हतं. पण आठवत नाही असं पाळकांनी म्हणायचं कसं?

मला वाटलं, झालं, सुटले. घरी आल्यावर आजी म्हणाली, ‘ते कार्ड यशवंताच्या खाटेच्या वर लाव. रोज दिसू दे.’

तिला नसतं दिसलं. आईला दिसलं असतं. म्हणून त्या दुपारी, आई कामाला गेलेली आणि आजी नळावर असताना, मी एका जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू त्याच मापाची कापली. निळी शाई घरात होतीच. पाटावर बसून, अक्षर सावकाश वळवत, मी ती ओळ लिहिली. मान वर केली तर बाबा माझ्याकडे बघत होते. त्या वेळी त्यांची पाळी खिडकीकडे बघायची होती, आणि मी खिडकीखालीच बसले होते. त्यांनी माझ्या मांडीजवळ पडलेलं खरं कार्ड पाहिलं, हातातलं पाहिलं. मग म्हणाले, ‘बास.’

तो शब्द ते पाणी पुरे झालं की म्हणत, उजेड नको असला की म्हणत. मी उठून खिडकीचा पडदा ओढला. मला कळलं नव्हतं असं तुम्हाला वाटतं?

दुसऱ्या दिवशी सगुणाआजीला कार्ड लिहिलं. आजी सांगत गेली, मी लिहीत गेले. ‘सगू, माझं यायचं फार मनात होतं. पण देवानं थांबायला सांगितलंय. यशवंता बरा झाला की येते. बाज कुणाला तरी दे.’ शेवटचं वाक्य तिनं लगेच बदललं. ‘तसं नको लिहू. बाज असू दे, लिही.’ मी लिहिलं.

त्याच मार्चमध्ये महिला दिनाला मी एक पत्रक लिहिलं. घरातल्या बाईच्या श्रमांवर. तिचं राबणं कसं कुणाला दिसत नाही, त्यागाच्या आणि धर्माच्या नावाखाली तिला कसं जागच्या जागी जखडून ठेवतात, असं सगळं. दादरच्या सभेत ते वाचलं तेव्हा बायका उभ्या राहिल्या. घरी आले, आजीनं भाकरी तव्यावरून थेट माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, ‘काय लिहिलंस ते मलाही वाच की.’ मी वाचलं. भाकरी थापताना तिचे हात थांबले. ‘खरं लिहिलंस बाई,’ ती म्हणाली. ‘अगदी खरं.’

दोन वर्षं गेली. सगुणाआजी पावसाळ्याआधी, उन्हात, दोन दिवसांच्या तापानं गेली. कळलं तेव्हा माती देऊन झाली होती. गावच्या पाळकांचं पत्र आलं, तेही मीच वाचलं. त्यांनी लिहिलं होतं की शेवटपर्यंत म्हातारी त्या दुसऱ्या बाजेवर कुणाला बसू देत नव्हती, पाहुण्यालाही नाही. आक्काची आहे, म्हणायची.

हे वाक्य मी गाळू शकले असते. वाचनाचं काम माझ्याच हातात होतं. पण त्या दिवशी मी एक अक्षरही गाळलं नाही, आणि आजही मला कळत नाही की तो खरेपणा होता की आणखी एक क्रूरपणा. आजी खाटेच्या कडेला बसली होती. ती रडली नाही. थोड्या वेळानं शाळेची घंटा झाली तशी उठली, गुडघा गादीवर टेकवला. ‘यशवंता, आता भिंतीकडं बघायचं हं.’ ओढताना त्या दिवशी तिला दोनदा जोर लावावा लागला. ‘आई,’ बाबा म्हणाले. ‘आई. आई.’

सहा महिन्यांनी मंडळीनं भरवलेल्या शिबिरात तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा आला. आजीला हर्ष माईना! साबणाचं वेष्टन वाचायची, कॅलेंडरमागच्या पाककृती वाचायची, माझी जुनी पत्रकं काढून वाचायची. ‘उद्गारचिन्हं किती गं घालतेस, कुणी बहिरं आहे का?’

मी वाट बघत होते. एका दुपारी ती बाबांच्या खाटेशी उभी राहिली आणि भिंतीवरचं कार्ड वाचलं. किती वेळ वाचत होती! दोन ओळी वाचायला किती वेळ लागतो?

‘क्रांते, हे अक्षर कुणाचं गं?’

आता बोलायचं होतं. तीन शब्द होते.

‘पाळकबाईंचं,’ मी म्हटलं.

‘होय का.’ तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. ‘सुरेख आहे. त्यांचं बाकी दर वर्षी तिरकं येतं.’ आणि मग, जराही आवाज न बदलता, ‘चल, धर चादर. बाबाची वेळ झाली.’

तिला कळलं होतं. सगळी जुनी कार्डं तिच्या शास्त्रात होती, माझी पत्रकं तिच्या उशाशी. तरी ते कार्ड तिनं भिंतीवरून काढलं नाही. मला एका शब्दानं काही विचारलं नाही. आणि पुढच्या नव्या वर्षाला तिनं ताटातून कार्ड उचललं, चष्मा डोळ्यांवर असताना, आणि न वाचता माझ्या हातात दिलं. ‘तू वाच.’

मी म्हटलं, तुला दिसतं की आता.

‘दिसतं गं. पण तुझ्या तोंडून ऐकायची सवय झालीय.’

मी वाचलं. जसं होतं तसं, एकेक अक्षर. ती डोळे मिटून ऐकत होती. त्यानंतरची तीन वर्षंही तिनं हेच केलं. दर नव्या वर्षाला ती माझ्या हातात कार्ड द्यायची, आणि दर वर्षी मी ते अचूक वाचायचे, आणि बाकी काही सांगायचे नाही. ती मला संधी देत होती का? की नुसतंच माझ्यावर पुन्हा विश्वास टाकत होती? मला यातलं कुठलंही उत्तर सोसत नाही.

गेल्या वर्षी आजी गेली. शिवडीला माती दिली. पाळकांनी तिथे भाषण केलं, तिला आलेल्या त्या वचनावर. दयामावशींना देवानं सांगितलं, जिथे आहेस तिथेच राहा, आणि त्या राहिल्या, अखेरच्या दिवसापर्यंत. लोक रडले. आमेन म्हणाले. मी आईचा हात धरून उभी होते.

आता वर्ष भरलं, दगड बसवायचाय. आई म्हणाली, ‘मजकूर तूच लिहून दे, तू लिहिणारी. आणि खाली ते वचन घाल त्यांचं.’ मी आजीचं नाव लिहिलं, गावाचं लिहिलं, सगुणाची बहीण असं लिहिलं. आईनं विचारलं, वचन? मी म्हटलं, दगड लहान आहे.

बघा, अजून चालूच आहे.

म्हणून हे लिहायला बसले. माझं छापून आलेलं सगळं आई वाचते, कात्रण काढून ठेवते. हेही तिच्या हातात पडेल. त्यानंतर ती माझ्याकडे कशी बघेल, मला माहीत नाही. बघायचं ते ज्याचं त्यानं.

बाबा आहेत. गेल्या वर्षीपासून त्यांची कूस मी बदलते. सभा केव्हाच सुटल्या. सुटल्या म्हणून काही अडलं नाही. आधी गुडघा टेकवायचा, चादर मुठीत धरायची, आणि ओढायच्या आधी सांगायचं. आज तीनच्या घंटेला मी म्हटलं, ‘बाबा, आता भिंतीकडं बघायचं हं.’ ते वळले. भिंतीवर कार्ड आहे, कडा पिवळ्या पडलेल्या, शाई अजून निळी. खरं कार्ड माझ्याकडे आहे, ते मी कुणाला दाखवलेलं नाही.

बाबा कार्डाकडे बघत होते. मीही त्यांच्या डोक्यावरून बघत होते.

ते अक्षर माझं आहे, आजी.